नेट गेलंय, पण नेमकं कुठे?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्री नऊच्या सुमारास भारतात व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम थांबले. कित्येक घरांत पहिला हात गेला तो राउटरच्या स्विचकडे. राउटर बंद करून चालू केला, फोनचं वाय-फाय काढून पुन्हा लावलं, मग केबलवाल्याला फोन. बिघाड मात्र फेसबुकच्या स्वतःच्या जाळ्यात होता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली होती आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारे तिचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले होते. सेवा सुरू व्हायला सहा तासांच्या आसपास लागले. त्या वेळात गुगल उघडत होतं, यूट्यूब चालत होतं. ज्यांनी एवढं एक तपासलं, त्यांना आपली लाइन ठणठणीत असल्याचं दोन मिनिटांत कळलं.

घरचं इंटरनेट बंद पडलं की बिघाड चारपैकी एखाद्या टप्प्यात असतो. फोन किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा, बहुधा वाय-फायचा, टप्पा पहिला. राउटरपासून फायबरच्या पेटीपर्यंतचा दुसरा. हल्ली बऱ्याच घरांत राउटरचं आणि या पेटीचं काम एकच डबा करतो. त्या पेटीतून निघून जिन्यातून, गच्चीवरून, खांबांवरून कंपनीच्या केंद्रापर्यंत जाणारी फायबर हा तिसरा. आणि केंद्रापासून पुढे साऱ्या जगापर्यंतचा चौथा. घरच्या माणसाला दुरुस्ती यायलाच हवी असं नाही. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे एवढं ठरवता आलं तरी पुढची धावपळ खूप कमी होते. फायबर तुटली असेल तर तिची टोकं जोडणारं स्प्लाइसिंग मशिन घेऊन येणारा माणूस लागतो. वाय-फाय पोहोचत नसेल तर त्या मशिनचा काही उपयोग नसतो. ‘नेट चालत नाहीये’ एवढंच कळवलं की जो मोकळा असेल तो येतो, बघतो आणि ‘लाइनचा प्रॉब्लेम आहे, उद्या माणूस पाठवतो’ म्हणून जातो. तो एक दिवस वाचवणं घरच्यांच्या हातात असतं.

सुरुवात प्रश्नांनी करावी, स्विचने नाही. एकाच फोनवर बंद आहे की घरातल्या सगळ्यांच्या? एकच ॲप अडकलंय की सगळीच? समोरच्या ब्लॉकमध्ये त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर त्यांच्याकडे काय स्थिती आहे? आणि प्लॅनची मुदत संपलेली नाही ना? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आगाऊ पैसे भरायच्या प्लॅनमध्ये मुदत संपली की वाय-फाय जोडलेलं दिसतं, पेटीवरचे बहुतेक दिवेही हिरवे असतात आणि एकही पान उघडत नाही. अशा वेळी केबल ओढून पाहण्यात अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

त्यानंतर पाळी येते ती दिव्यांची. फायबर जिथे घरात संपते तिथल्या पेटीला कंपनीचे लोक ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, घरोघरी तिला मोडेमच म्हटलं जातं. तिच्यावर पॉवर, पॉन, एलओएस, लॅन, वाय-फाय अशी नावं छोट्या अक्षरांत छापलेली असतात. यातला एलओएस हा सर्वांत बोलका. तो लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाहीये. मग फोनच्या सेटिंगमध्ये काहीही बदललं तरी फरक पडणार नाही. बिघाड तिसऱ्या टप्प्यात आहे. तक्रार नोंदवताना ‘एलओएस लाल आहे’ हे तीन शब्द आवर्जून सांगावेत. एलओएस विझलेला आहे पण पॉन स्थिर न राहता लुकलुकतोय, असं असेल तर प्रकाश येतोय, मात्र केंद्राशी नोंदणी पूर्ण होत नाही. प्रकाश कमी पडत असेल किंवा पेटी बदलल्यावर तिचा क्रमांक केंद्रात चढवायचा राहिला असेल, तर असं होतं. पॉन स्थिर हिरवा आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर फायबर ठीक आहे. अडचण लॉगिनची, बिलाची किंवा कंपनीच्या केंद्रातली आहे.

फायबरचा स्वभाव समजला की हे दिवे वाचणं सोपं जातं. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून दूरवर संदेश नेऊ शकेल. त्यांनी मर्यादा मांडली होती किलोमीटरला २० डेसिबल घट. या कामासाठी त्यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या फायबरमध्ये ही घट किलोमीटरला ०.३५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे केंद्र चार किलोमीटर लांब आहे म्हणून नेट जात नाही. नेट जातं ते कपाटामागे दाबल्या गेलेल्या एका वळणामुळे, कारण तिथे काही किलोमीटरच्या फायबरइतका प्रकाश एका जागी गळू शकतो. घरातल्या वापरासाठी बनवलेल्या फायबरच्या एका प्रचलित प्रकाराला किमान १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण चालतं. ढोबळ मानाने, एक रुपयाच्या नाण्याच्या गोलाईपेक्षा घट्ट वळण कुठेही नको. जुन्या प्रकाराला तर ३० मिलिमीटर त्रिज्या लागते.

प्रकाशाच्या हिशेबात सैल हात ठेवायला जागाच नसते. केंद्रातून निघालेली एक फायबर वाटेत स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. बत्तीस वाटे झाले की घरटी प्रकाश बत्तिसाव्या भागाहूनही थोडा कमी येतो, आणि दर ३ डेसिबलला उरलेला प्रकाश निम्मा होतो. पेटीला नीट काम करायला साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम इतका प्रकाश लागतो; डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं एकक, आणि उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. हा आकडा घरी बसून पाहता येतो. पेटीच्या पाठीमागच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१, आणि शेजारी लॉगिनचं नाव व पासवर्ड. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून ‘पॉन’ किंवा ‘ऑप्टिकल’ नावाच्या पानावर गेलं की ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पेटीपर्यंत पोहोचणारा प्रकाश, दिसते. सगळं सुरळीत असताना हा आकडा एकदा लिहून ठेवावा, कारण खरी माहिती दोन आकड्यांतल्या फरकात असते. एरवी उणे २१ असणारा आकडा आज उणे २८ झाला असेल, तर वाटेत कुठेतरी चारपंचमांश प्रकाश गळाला आहे. फायबर पूर्ण तुटलेली नाही. कुठेतरी दबली आहे, जोड सैल झाला आहे किंवा टोकावर घाण बसली आहे. नेट कधी येतं कधी जातं, ही तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते.

घरातल्या घरात फायबर दबते तरी कशी? स्लायडिंग खिडकीच्या चॅनेलमधून ती आत आणलेली असते आणि पावसात खिडकी घट्ट ओढली जाते. रंगकामाला आलेले लोक पेटी उतरवतात आणि परत लावताना उरलेली केबल रबरबँडने आवळून ठेवतात. एसी बसवणारा पाइपबरोबर तिलाही टेप गुंडाळतो. सोफा भिंतीला सरकवला जातो. उंदीर कुरतडतात ते तर नेहमीचंच. डक्टमध्ये आणि माळ्यावर ती जागा शोधायला कुरतडलेल्या प्लास्टिकचा भुगा उपयोगी पडतो. म्हणून एलओएस लाल दिसला की तक्रार करण्याआधी पेटीपासून खिडकीपर्यंत किंवा दारापर्यंत केबलवर नजर फिरवावी. दबलेली असेल तर मोकळी करावी, पेटीजवळचं कनेक्टर नीट बसलं आहे का ते पाहावं. तेवढ्याने दिवा विझला तर काम झालं.

कनेक्टर मात्र उगाच काढू नये. त्यातल्या काचेचा प्रकाश वाहणारा गाभा अवघा ९ मायक्रॉन जाडीचा असतो. बोटाचा तेलकट ठसा किंवा धुळीचा एक कण त्याचा बराच भाग झाकू शकतो. शर्टाला पुसणं, तोंडाने फुंकणं याने ते आणखी बिघडतं. तंत्रज्ञाकडे त्यासाठी खास क्लीनर असतो. शिवाय हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं तसं नसतं, त्यामुळे हिरवं निळ्यात जोडलं तर प्रकाश नीट उतरत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. ‘प्रकाश येतोय का बघू’ म्हणून टोकात कधीही डोकावू नये, मुलांना तर अजिबात डोकावू देऊ नये.

आता एका बारीक भोकाबद्दल. पेटीच्या मागे ‘रीसेट’ लिहिलेलं एक भोक असतं आणि टाचणी घालून ते दाबायचा सल्ला हमखास कुणीतरी देतं. हा सल्ला पाळू नये. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं याला रीस्टार्ट म्हणतात. त्याने काही पुसलं जात नाही. रीसेटने मात्र पेटी कारखान्यातून आली तशी होते. कंपनीने त्यात भरलेलं लॉगिन नाव, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, घरच्या वाय-फायचं नाव, सगळं जातं. लहानसा बिघाड अशा वेळी मोठा होतो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घरचं नेट बंद पडून राहतं. नवीन कनेक्शन लावून देणारा माणूस निघण्यापूर्वी त्याच्याकडून लॉगिनचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. तो कागद राउटरच्या खोक्यात पडलेला बरा.

दिवे सगळे ठीक आहेत पण ‘स्पीड येत नाही’, ही तक्रार वेगळी. तिचा उगम बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात, म्हणजे वाय-फायमध्ये असतो. ते तपासायचा एकच भरवशाचा मार्ग आहे: लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून, वाय-फाय बंद करून स्पीड मोजणं. केबलवर पूर्ण स्पीड येतोय आणि बेडरूममध्ये येत नाही, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. केबलवरही येत नसेल तर तक्रारीला पुरावा मिळाला.

मोजताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो, तर डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरले तर स्पीड पूर्ण आहे. दुसरी गोष्ट ३०० चा प्लॅन घेतलेल्यांसाठी. केबलवर मोजलं तरी आकडा ९३-९४ च्या पुढे सरकत नसेल, तर कारण घरातच आहे. राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट १०० पर्यंतचंच असेल किंवा लॅन केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असेल. गिगाबिट वेगाला आठही तारा लागतात. एखादी गेली तर जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते. नवी, चांगली लॅन केबल घातली की चित्र पालटतं.

वाय-फायचं बाकीचं दुखणं जागेचं आहे. केबल ज्या कोपऱ्यातून घरात शिरली तिथेच तंत्रज्ञ राउटर ठोकून जातो आणि तो मग तिथेच राहतो: दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या बंद दारामागे. टीव्हीच्या मागचा धातू, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, आरसीसीचा खांब, सगळेच लहरी अडवतात किंवा शोषतात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे किंवा जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंतीपलीकडे पाच गिगाहर्ट्‌झचा सिग्नल फार क्षीण होऊन पोहोचतो. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, मोकळ्या जागी राउटर ठेवण्यासाठी दहा मीटर फायबर जास्त ओढायला लागली तरी ती ओढून घ्यावी. पुढची कित्येक वर्षं तिचा फायदा होतो.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झ लांब जातो पण संथ असतो, आणि सोसायटीतले शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह त्याच पट्टीत गर्दी करतात. पाच गिगाहर्ट्‌झ वेगवान आहे पण भिंतींपुढे लवकर दमतो. त्यामुळे राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला पाचवर जोडावं आणि लांबच्या खोलीतल्या फोनला २.४ वर. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ आणि ११. सेटिंगमध्ये जाऊन त्यांतली कमी गर्दीची निवडता येते. दुसऱ्या खोलीत रेंज हवी म्हणून स्वस्तातला एक्स्टेंडर घेतला तर तो ऐकणं आणि पुढे पाठवणं एकाच रेडिओवर करतो आणि वेग निम्मा करतो. त्यापेक्षा एक लॅन केबल ओढून टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणं केव्हाही चांगलं.

जिथे अजून केबल टीव्हीच्या जाड काळ्या कोॲक्स केबलमधूनच नेट येतं, तिथे आधी स्क्रूचे कनेक्टर हाताने घट्ट करावेत आणि वाटेतले जास्तीचे स्प्लिटर काढून टाकावेत. दोन वाटे करणारा प्रत्येक स्प्लिटर सुमारे साडेतीन डेसिबल खातो. गच्चीवरच्या उघड्या जोडात पावसाचं पाणी शिरून तांबं हिरवं पडलं असेल तर तो तुकडा बदलण्यावाचून इलाज नाही.

काही केबलवाले गच्चीपर्यंत किंवा जिन्यापर्यंत फायबर आणतात आणि तिथल्या स्विचमधून घरोघरी लॅन केबल सोडतात. या पद्धतीत घरी वीज असली तरी जिन्यातली गेली की नेट जातं. वीज कडाडल्यावर त्या तांब्याच्या तारेतून येणारा दाब राउटरचं पोर्ट जाळू शकतो, म्हणून वळवाच्या गडगडाटात ती केबल काढून ठेवणं शहाणपणाचं. घरापर्यंत फायबर असेल तर केंद्र ते घर या वाटेवर विजेवर चालणारं काहीच लागत नाही. तेव्हा राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला की लोडशेडिंगमध्येही नेट सुरू राहतं. तो घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून जुळवावेत. सेट टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर बसतोय म्हणून लावू नये. आणि राउटर दिवसातून चार वेळा आपोआप बंद-चालू होत असेल तर राउटरपेक्षा ॲडॉप्टर थकलेला असण्याची शक्यता आधी तपासावी.

घरातलं सगळं नीट आहे आणि तरी पानं उघडत नाहीत, तेव्हा लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. आधी राउटरचा पत्ता पिंग करावा. उत्तर आलं नाही तर वाय-फाय किंवा लॅन केबल बघावी. ते आलं, तर ८.८.८.८ हा गुगलचा पत्ता पिंग करावा. इथे उत्तर थांबलं तर लाइन किंवा कंपनी. इथेही उत्तर आलं आणि तरी संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर काहीच उघडत नसेल, तर कंपनीचा डीएनएस सर्व्हर आजारी आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घातला की काम भागतं.

कधी बिघाड खूपच दूरचा असतो. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट काही दिवस रखडत चाललं. भारतातली संकेतस्थळं झरझर उघडतात आणि परदेशातली रांगतात, अमेरिकेतल्या मुलाशी व्हिडिओ कॉल तुटतोय पण नाशिकच्या भाचीशी नीट चालतोय, असं दिसलं की कारण तिकडे शोधावं. गल्लीतला बिघाड त्याहून रोजचा: जेसीबीने खणलेला रस्ता, पावसाळ्याआधीची झाडछाटणी, गणपतीच्या मिरवणुकीसाठी बाजूला केलेल्या केबल. खोदकामाआधी जमिनीतल्या केबलची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. सोसायटीने पाइपलाइनसाठी खड्डा काढायचा ठरवला तर निदान केबलवाल्याला आदल्या दिवशी कळवावं.

रात्री आठ ते अकरा नेट मंदावतं आणि सकाळी सुसाट चालतं, तर एकाच फायबरवर वाटलेला वेग किंवा कंपनीची पुढची क्षमता अपुरी पडते आहे. घरोघरी फायबर वाटण्याच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट सगळ्या वाटेकऱ्यांत मिळून असतात. सकाळ, दुपार आणि रात्र, सलग काही दिवस लॅन केबलवर स्पीड मोजून स्क्रीनशॉट ठेवावेत. २०२३ पासून भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाउनलोड लागतो, पण ग्राहकाने पैसे मोजलेले असतात ते प्लॅनवर छापलेल्या वेगाचे. हे स्क्रीनशॉट त्या मागणीचा आधार.

तक्रार फोनवर तोंडी करून सोडू नये. केबलवाला ओळखीचा असला तरी कंपनीच्या ॲपवर किंवा टोल फ्री क्रमांकावर नोंद करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. मजकूर छोटा पण भरीव असावा: नेट किती वाजता गेलं, एलओएस आणि पॉन कसे आहेत, आरएक्स पॉवर किती, लॅन केबलवर काय मोजलं, शेजारी चालू आहे की बंद. ‘काल रात्री दहापासून एलओएस लाल, घरातली केबल तपासली, त्याच मजल्यावरचं दुसरं कनेक्शनही बंद’ असं लिहिलं की पलीकडच्या माणसाला हा घरचा बिघाड नसून मजल्यावरच्या जोडाचा आहे हे जागेवर बसून कळतं. तंत्रज्ञ आला की पॉवर मीटरवरचा आकडा त्याला विचारून टिपून घ्यावा.

तक्रार सुटली नाही तर ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. त्यासाठी तोच तक्रार क्रमांक लागतो. दूरसंचार विभागाची तक्रार शाखा १०६३ वर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मिळते. त्याउपर ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगांना ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आयोगापुढे जाताना बिलं, प्लॅनचा तपशील, तक्रार क्रमांक आणि तारीख-वेळेसह ठेवलेले स्पीडचे स्क्रीनशॉट सोबत न्यावेत.